कोयनेचे धक्के आणि ज्वालामुखीचे धक्के: फरक कशावरून ओळखायचा?

प्रश्न कराडहून आला आहे. विचारणारे भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतात, घर पाटण तालुक्यात. ते लिहितात: आमचा सगळा डोंगर लाव्ह्याचा आणि धक्केही लहानपणापासून सवयीचे. गावातली जाणती माणसं म्हणतात, खाली अजून लाव्हा उकळतोय. मला ज्वालामुखीभोवतीच्या भूकंपांचा अभ्यास करायचा आहे. तो कोयनेत राहून करता येईल का? आणि हे भूकंप बाकीच्या भूकंपांपेक्षा वेगळे आहेत हे कळतं कशावरून?

आधी गावातल्या शंकेचं बघू, कारण तिचं उत्तर ठामपणे देता येतं. कोयनेखाली ज्वालामुखी नाही. तुमच्या पायाखालचा काळा पाषाण लाव्ह्याचाच आहे, पण तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून आला आणि थंड झाला. हे अंदाजाने म्हणत नाही. कोयना आणि वारणा यांच्या मधल्या पट्ट्यात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल पथदर्शी विवर खणलं, ते 2017 मध्ये पूर्ण झालं. त्यात बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, सुमारे सव्वा किलोमीटरवर संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मध्ये शिलारस नाही, गाळाचा थरसुद्धा नाही. आता धक्क्यांची खोली बघा. कोयना-वारणा भागातले बहुतेक भूकंप दहा किलोमीटरच्या आत होतात, पण त्यातले बरेचसे बेसॉल्टच्या तळाच्याही खालचे असतात. म्हणजे हलतो तो लाव्ह्याचा दगड नाहीच. त्याच्या खालचा जुना ग्रॅनाइट जुन्या भ्रंशांवर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगांवर, सरकतो आणि वरचा बेसॉल्ट त्याच्यासोबत हादरतो.

गावात पुरावा म्हणून दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक म्हणजे घाटाखालची तुरळ, राजवाडी, आरवली इथली गरम पाण्याची कुंडं. ते पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. जमीन खोल गेलं की गरम होतेच, त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे धक्क्याआधीचा गडगडाट. उथळ आणि जवळच्या भूकंपाची पहिली लहर जमिनीतून हवेत शिरली की ती कानाला ऐकू येते. कठीण खडकाच्या प्रदेशात हा आवाज जास्त ठळक असतो. आवाज खरा आहे, लोकांचं ऐकणंही खरं आहे. त्याचं कारण तेवढं वेगळं आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ज्वालामुखीचा भूकंप वेगळा कशावरून ओळखायचा, याचं उत्तर बहुतेक विद्यार्थी आकड्यांत शोधतात: आज किती धक्के झाले, सर्वांत मोठा किती रिश्टरचा. माझं मत असं आहे की आकडा ही यातली सर्वांत कमी बोलकी गोष्ट आहे. लहरीचा आकार काय सांगतो आणि धक्क्याची जागा कुठे सरकते, या दोन गोष्टींत सगळा जीव आहे.

भूकंपलेख डोळ्यासमोर आणा. कोयनेचा साधा धक्का कराडच्या यंत्रावर कसा दिसतो? आधी पोचणारी वेगवान पी लहर टोकदार येते, काही सेकंदांनी मागून येणारी संथ एस लहर त्याहून मोठी येते, मग सगळं विरत जातं. दोन्हींमधल्या सेकंदांना आठाने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळमानाने कळतं. दगड तुटला, सरकला, थांबला, असा हा प्रकार. ज्वालामुखीखालीही असे धक्के होतात. शिलारस वर येताना आजूबाजूचा खडक ताणतो आणि तो तुटतो. एकटा भूकंपलेख हातात दिला तर हा धक्का कोयनेचा की एखाद्या ज्वालामुखीच्या पोटातला, हे अनुभवी माणसालाही सांगता येणार नाही. म्हणून या प्रकाराला ज्वालामुखी-विवर्तनी भूकंप म्हणतात.

खरा फरक दुसऱ्या प्रकारात दिसतो. याला दीर्घ आवर्तनाचे भूकंप म्हणतात. यात पी लहर अस्पष्ट असते, एस लहर बहुतेक सापडतच नाही आणि सगळी ऊर्जा सेकंदाला अर्धं ते पाच कंपनं एवढ्या मंद पट्ट्यात साठलेली असते. इथे खडक तुटण्यापेक्षा भेगेतला वायू, वाफ किंवा शिलारस महत्त्वाचा असतो. दाब अचानक बदलला की द्रवाने भरलेली भेग घुमते. नळाखाली घागर भरत असताना आवाज बदलत जातो आणि न बघताही घागर किती भरली ते कळतं, तसंच इथे आहे. भेग केवढी आहे, तिच्यात वायू जास्त की द्रव, हे त्या घुमण्याच्या सुरावरून आणि तो किती वेळ टिकतो त्यावरून काढता येतं. भूकंपशास्त्रज्ञ बर्नार्ड शुए यांनी या भेगेच्या घुमण्याचं गणित मांडलं आणि 1989-90 मध्ये अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीवर ते उपयोगी पडलं. 2 जानेवारी 1990 च्या उद्रेकाआधी या मंद धक्क्यांची गर्दी वाढत गेली, तिच्यावरून इशारा दिला गेला.

कोलंबियातल्या गालेरासवर याच प्रकारातले धक्के दिसले, पण आकाराने वेगळे: सुरुवातीला ठळक आणि मग स्क्रूच्या आट्यांसारखे हळूहळू बारीक होत जाणारे. तिथल्या लोकांनी त्यांना तोर्नियो म्हणजे स्क्रूच म्हटलं. एवढा लांब टिकणारा सूर म्हणजे भेगेत वायू कोंडलेला आहे. संख्येने ते थोडेच होते. रोजच्या धक्क्यांची एकूण संख्या बघणाऱ्याला ज्वालामुखी शांत वाटला असता. 14 जानेवारी 1993 ला परिषदेसाठी जमलेले शास्त्रज्ञ विवरात उतरलेले असताना तो फुटला आणि नऊ माणसं गेली, त्यातले सहा शास्त्रज्ञ होते. या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते भूकंपलेख एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा प्रकार अखंड कंपाचा. तो मिनिटं, तास, कधी दिवस चालतो. सुरुवात नाही, शेवट नाही, जमीन नुसती थरथरत राहते. शिलारस किंवा वायू सलग वाहतोय याची ही खूण असते. पण इथे सावध राहायला हवं. सह्याद्रीत जुलै महिन्यात बसवलेल्या कुठल्याही यंत्रावर असाच कंप दिसतो आणि तो पावसाचा, वाऱ्याचा, ओढ्याचा असतो. ज्वालामुखीवरही वारा आणि पाऊस असतोच. एकाच यंत्रावर दिसणारा कंप स्थानिक असण्याची शक्यता जास्त. चार-पाच यंत्रांवर एकाच वेळी दिसला आणि विवराकडच्या यंत्रावर सर्वांत मोठा दिसला, तरच ज्वालामुखीचं नाव घ्यायचं.

आता जागेचं. हे मला या शास्त्रातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये आइसलंडमध्ये बारदारबुंगा ज्वालामुखीखालून शिलारस बाजूला घुसायला लागला. वर बर्फाची जाड चादर होती, डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त भूकंप. दर दिवशी धक्क्यांचं टोक थोडं पुढे सरकत होतं, वळण घेत होतं, मध्ये थबकत होतं. दोन आठवड्यांत ते चाळीस किलोमीटरहून पुढे गेलं आणि बर्फाच्या कडेबाहेर होलुहरौनच्या माळावर लाव्हा फुटला. शिलारस भेगेत भिंतीसारखा उभा घुसतो, त्याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे माळावर उभ्या दिसणाऱ्या काळ्या दगडी भिंती तुम्ही अभ्यासात पाहिल्या असतील. त्या अशाच प्रकारे घुसलेल्या आहेत. तशी एखादी भिंत तयार होत असताना तिचं टोक कुठे आहे ते तासातासाला नकाशावर मांडता येतं, हे काम भूकंपमापकाने केलं. 10 नोव्हेंबर 2023 ला आइसलंडमध्येच ग्रिंडाविक गावाखाली सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा डाइक काही तासांत घुसला. त्या रात्रीच गाव रिकामं केलं. उद्रेक झाला 18 डिसेंबरला.

फिलिपिन्समधल्या पिनाटुबोची गोष्टही जागेचीच आहे. तो जवळजवळ पाचशे वर्षं झोपलेला. 2 एप्रिल 1991 ला वाफेचे स्फोट झाले, मग फिलिपिन्स आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी घाईने फिरती यंत्रं लावली. मे महिन्यात धक्के शिखरापासून पाच किलोमीटर वायव्येला होत होते, भरपूर होते आणि तरी त्यांचा अर्थ लागत नव्हता. जूनच्या सुरुवातीला धक्क्यांचा नवा पुंजका थेट शिखराखाली, उथळ जागी उमटला. तिथे चित्र पालटलं. 10 जूनला जवळचा अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ रिकामा केला, गावं हलवली आणि 15 जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. किमान पाच हजार जीव वाचले असा अंदाज आहे.

आकड्यांवर माझा विश्वास कमी का, हे या उदाहरणांनी कळेल. इटलीतल्या काम्पी फ्लेग्रेईत 1982 ते 84 मध्ये हजारो धक्के झाले, जमीन जवळजवळ दोन मीटर वर आली, पोझुओली शहरातून चाळीस हजार लोक हलवले, उद्रेक झाला नाही. उलट जपानचा ओन्ताके. 2014 च्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे धक्के थोडे वाढले आणि पुन्हा कमी झाले. 27 तारखेला, शनिवारी, डोंगर पर्यटकांनी भरलेला असताना वाफेचा स्फोट झाला. 63 जण मृत किंवा बेपत्ता. शिलारस वर येण्यापेक्षा उथळ पाण्याची वाफ कोंडून झालेला स्फोट होता तो, आणि असे स्फोट फार थोडी सूचना देतात. 2025 च्या सुरुवातीला ग्रीसमधल्या सांतोरिनीजवळ हजारो धक्के झाले, अकरा हजारांवर लोक बेट सोडून गेले. समुद्रतळाखाली शिलारस आडवा सरकला, उद्रेक न होताच सगळं शांत झालं.

उसू या जपानी ज्वालामुखीचा अपवाद इथे सांगायला हवा, कारण तो आशेचा आहे. त्याच्या ज्ञात उद्रेकांआधी जाणवणारे भूकंप झाले आहेत, म्हणून तिथले लोक ते ओळखतात. 2000 मध्ये 27 मार्चला धक्के सुरू झाले, दहा हजारांहून जास्त लोक हलले, 31 ला उद्रेक झाला, एकही माणूस गेला नाही. याच उसूवर 1910 मध्ये फुसाकिची ओमोरी यांनी भूकंपमापक नेला होता. ज्वालामुखीच्या भूकंपशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत ओमोरी आहेत, आणि तुमचा त्यांच्याशी दुसऱ्या बाजूनेही संबंध येतो. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के काळानुसार कसे कमी होत जातात, हा त्यांचा 1894 चा नियम. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला 6.3 चा भूकंप झाला, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतरचे धक्के याच पद्धतीने ओसरत गेले. मोठा धक्का आणि मागून लहान लहान, हे भ्रंशाचं लक्षण. ज्वालामुखीखाली बहुतेकदा प्रमुख धक्का असा नसतोच. सारख्याच ताकदीच्या धक्क्यांची झुंड येते आणि विरते. लहान धक्क्यांचं मोठ्यांशी प्रमाणही तिथे जास्त असतं.

म्हणजे कोयनेत राहून ज्वालामुखीचा अभ्यास होणार नाही, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. ज्वालामुखीच्या भूकंपात मूळ प्रश्न एकच असतो: खडकाच्या भेगेत द्रवाचा दाब वाढला की खडक केव्हा आणि कुठे सरकतो? तिथे द्रव म्हणजे शिलारस आणि वायू. इथे द्रव म्हणजे पाणी. कोयना धरण 103 मीटर उंच, त्याचा शिवसागर जलाशय भरायला 1962 च्या सुमारास सुरुवात झाली आणि त्यानंतर धक्के वाढले. 1985 पासून शिराळा तालुक्याच्या बाजूला चांदोलीचं वारणा धरण भरायला लागलं, तेव्हा धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. पावसाळ्यात पाणी चढल्यावर आणि पुढे हिवाळ्यात ते उतरू लागल्यावर धक्क्यांची संख्या वाढलेली दिसते. पाणी किती वेगाने चढलं, किती काळ उंच राहिलं, गेल्या कमाल पातळीच्या वर गेलं का, याच्याशी धक्क्यांचं नातं भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं तपासलं. धरणाच्या पाण्याची पातळी आपल्याला रोज मोजता येते. शिलारसाचा दाब कोणालाही थेट मोजता येत नाही. म्हणून द्रवाचा दाब आणि भूकंप यांचं नातं शिकायला तीस गुणिले वीस किलोमीटरचा हा पट्टा जगात दुर्मीळ आहे. धक्के उथळ आहेत, एका लहान जागेत आहेत आणि साठ वर्षं थांबलेले नाहीत. हजारमाचीला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची विवर-भूभौतिकी प्रयोगशाळा आहे, तुमच्या कराडलाच. तिथे जाऊन बोला.

कोयनेतल्या भ्रंशांची सरकण्याची दिशाही शिका. 1967 चा भूकंप उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य भ्रंशावर आडवा सरकला होता. वारणेकडे खाली घसरणारे, सामान्य प्रकारचे भ्रंश जास्त दिसतात. ही दिशा पहिल्या लहरीच्या वर किंवा खाली जाण्यावरून काढतात. तेच कौशल्य ज्वालामुखीवर लागतं, कारण तिथे कधी कधी धक्का सरकण्याऐवजी भेग उघडण्याचा असतो आणि मग सगळ्या यंत्रांवर पहिली हालचाल वरच्या दिशेने दिसते. याचा सराव करायला खाणीतले सुरुंग उत्तम. सातारा-कराड परिसरात खडी क्रशरच्या खाणी आहेत, सुरुंग दिवसा उडतात आणि त्यांची पहिली हालचाल सगळीकडे बाहेरच्या बाजूला असते. सुरुंग आणि धक्का यांत फरक करता आला नाही, तर ज्वालामुखीवरचे प्रकार वेगळे काढता येणार नाहीत.

सुरुवात हाताने करा, हे माझं ठाम म्हणणं आहे. आज यंत्रशिक्षणाचे प्रोग्राम पी आणि एस लहरी माणसापेक्षा जलद टिपतात आणि ते चांगलेच आहेत. पण ते भ्रंशाच्या भूकंपांवर शिकवलेले असतात; मंद, अस्पष्ट सुरुवातीचे धक्के त्यांच्या हातून निसटतात. ज्वालामुखीवर नेमके तेच हवे असतात. पायथन येत असेल तर ऑब्सपाय नावाची मोफत लायब्ररी घ्या, जगभरच्या खुल्या भांडारांतून नोंदी उतरवा आणि प्रत्येक धक्क्याचा वारंवारता-आलेख काढून बघायची सवय लावा. काळासोबत वारंवारता कशी बदलते, ते एका नजरेत दिसतं.

एक यंत्र कधीही पुरत नाही. खोली ठरवायची तर किमान चार हवीत, आणि त्यातलं एक तरी धक्क्याच्या डोक्यावर, म्हणजे खोलीइतक्याच अंतरावर. दूरच्या यंत्रांनी काढलेली खोली छापील दिसली की मी तिच्यावर विसंबत नाही. ज्वालामुखीवर दोन आणि पाच किलोमीटर यांतला फरक म्हणजे गाव हलवायचं की नाही यातला फरक असू शकतो.

भारतात हा विषय पुढे न्यायचा तर अंदमान बघा. बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, श्री विजयपुरमच्या (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) ईशान्येला सुमारे 140 किलोमीटरवर. दीड शतकाहून जास्त शांत राहून 1991 मध्ये तो पुन्हा फुटला आणि त्यानंतर अनेकदा. 2004 च्या डिसेंबरच्या महाभूकंपानंतर महिन्याभराने, 2005 च्या जानेवारीअखेर, अंदमान समुद्रात पाचहून मोठे दीडशेच्या वर धक्के काही दिवसांत झाले. समुद्रतळ जिथे फाकतो त्या पट्ट्यात ही झुंड आली. भ्रंश आणि शिलारस यांचा वाटा वेगळा करण्याचा सराव यावर करता येईल.

आणि सह्याद्रीचं नातं जुळवायचंच असेल तर ते हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाशी जुळवा. भारताचा भूखंड 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त जागेवरून गेला आणि दख्खनचा लाव्हा बाहेर आला, ती जागा आज त्या बेटाखाली असल्याचं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीप, मालदीव, चागोस हा तिने मागे सोडलेला माग. तिथला पितों द ला फुर्नेज जगातल्या सर्वांत वारंवार फुटणाऱ्या ज्वालामुखींपैकी आहे. त्याची वेधशाळा चार दशकांहून जास्त काळ चालू आहे. त्याचे धक्के लहान आणि उथळ, आणि उद्रेकाआधीची झुंड कधी तासाभराचीच. 2007 च्या एप्रिलमध्ये त्याच्या शिखरावरचं विवर तीनशे मीटरहून जास्त खचलं. प्रबंधासाठी विषय विचाराल तर मी हा सुचवेन: फुर्नेजच्या एका उद्रेकाआधीची झुंड आणि कोयना-वारणेतली पावसाळ्यानंतरची एक झुंड घ्या, दोन्हींतल्या धक्क्यांच्या जागा दिवसागणिक नकाशावर मांडा आणि त्या किती वेगाने सरकतात ते मोजा. शिलारस ढकलतो तो वेग आणि पाणी झिरपतं तो वेग यांत मोठी तफावत यायला हवी. नकाशे काढल्यावर आधी लहान धक्क्यांच्या जागांतली चूक किती आहे ते लिहा, मगच वेगाचा आकडा लिहा.